चार महिने वणव्याच्या वाटेवर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन आपण जंगलात वाघ पाहायला जातो. त्याच दिवसांत, त्याच जंगलात काही माणसं वेगळ्याच कामावर असतात. वाघ दिसला तर ती वाट बदलतात, कौतुक करत थांबत नाहीत. त्यांची नजर असते धुरावर. १५ फेब्रुवारीला त्यांची नोकरी सुरू होते आणि १५ जूनला संपते!

विदर्भातल्या जंगलात एप्रिलची दुपार काय चीज असते हे तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. साग पार उघडाबोडका झालेला असतो. त्याची ताटाएवढी पानं जमिनीवर घोटाभर साचलेली. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. बांबूची बेटं पिवळी पडलेली, नाले आटलेले, दगडाला हात लावला तर चटका बसतो. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. अशात डोंगरापलीकडून धुराची एक बारीक रेघ वर चढते. कुणाची चूल असेल असं वाटावं, इतकीच. पण अभयारण्याच्या पोटात चूल पेटायचं कारण नसतं. वॉकी-टॉकीवर दोन-चार वाक्यं होतात आणि पाच-सहा जणांची तुकडी निघते. एकाच्या पाठीवर पेट्रोलवर चालणारा ब्लोअर, एकाकडे कुऱ्हाड, एकाकडे पाण्याचा कॅन. अंगात साधा सदरा, डोक्याला गमछा. कधी दोन किलोमीटर चालायचं, कधी आठ.

तिथे अग्निशमन दलाचा लाल बंब येत नाही. येणार कुठून? रस्ता संपतो तिथून पुढे डोंगर सुरू होतो. आणि बंब आला तरी पाणी कुठलं आणायचं? एप्रिल-मेमध्ये जंगलातल्या जनावरांसाठीच टँकरने पाणी आणून पाणवठे भरावे लागतात. त्यामुळे आपल्याकडे रानातली आग पाण्याने विझवण्याची पद्धतच नाही. ती झोडपून विझवतात, वाऱ्याने मागे ढकलतात, नाहीतर उपाशी मारतात.

ही कामं करणाऱ्या माणसाला वनखात्यात ‘फायर वॉचर’ म्हणतात. हजेरीपटावर तो हंगामी मजूर असतो. राहणारा जंगलालगतच्याच गावचा. बहुधा गोंड, मेळघाटात असेल तर कोरकू. घरी थोडी धानाची नाहीतर ज्वारीची शेती, दोन बैल, म्हातारे आई-बाप. वनरक्षक हा सरकारी कर्मचारी. त्याला गणवेश असतो, बीट असतं, पगार असतो. फायर वॉचर त्याच्या हाताखाली रोजंदारीवर. खरं सांगायचं तर एकटा वनरक्षक एवढ्या मोठ्या बीटात फक्त आग लागल्याची नोंद करू शकतो. विझवायला हीच माणसं लागतात.

नागझिऱ्यातला तो दिवस

मराठी वाचकाला नागझिरा नवा नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलावर अख्खं पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगाव-नागझिऱ्याच्या टापूत उमेदीची वर्षं काढली आणि त्या रानातली झाडं-पाखरं आपल्या घरात आणून सोडली. १९७० साली नागझिरा अभयारण्य झालं. क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरांच्या वर. डिसेंबर २०१३मध्ये नवेगाव, कोका आणि आसपासचं जंगल मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेला हा राज्यातला पाचवा व्याघ्रप्रकल्प. विजेचे दिवे नसलेल्या इथल्या विश्रामगृहात एक रात्र काढून आलेली माणसं वर्षभर त्या रात्रीबद्दल बोलत असतात.

याच नागझिऱ्यात ८ एप्रिल २०२१ रोजी आग लागली. वनरक्षक, वनमजूर आणि हंगामी माणसं मिळून पन्नास-साठ जण दिवसभर तिच्याशी झुंजत होते. दुपार कलली तेव्हा आग बरीचशी आटोक्यात आली होती. मग वारा सुटला. विझत आलेल्या निखाऱ्यांनी पुन्हा पेट घेतला, भोवती डोंगराळ भाग, आणि काही जण ज्वाळांच्या मधे सापडले. तिघांचा मृत्यू झाला. दोघं गंभीर भाजले. मेलेले तिघंही मजूर होते.

ते दिवस आठवा. करोनाची दुसरी लाट भरात होती. ऑक्सिजन, खाटा, इंजेक्शनं यांच्या बातम्यांनी पानंच्या पानं भरलेली. नागझिऱ्याची बातमी आली, सरकारने मदत जाहीर केली, आणि आठवडाभरात ती विस्मरणात गेली. सगळ्या राज्याच्याच घरावर संकट होतं, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. पण जंगलातल्या आगीत माणूसही मरतो हे पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि ही एकच घटना नव्हे. फेब्रुवारी २०२०मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात वणवा विझवताना तीन वनवॉचर गेले. जून २०२४मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात चौघं वनकर्मचारी आगीत सापडून मेले. भाषा वेगळी, झाडं वेगळी, पण वारा फिरण्याची गोष्ट सगळीकडे सारखीच.

वारा आणि चढ, या दोन गोष्टींची भीती जुन्या माणसांना सर्वात जास्त. सपाटीवर पालापाचोळ्याची आग माणसाच्या चालीने सरकते, घोटा-गुडघ्याएवढी असते, तिला ओलांडूनही जाता येतं. तीच आग डोंगराच्या पायथ्याला लागली की चित्र पालटतं. ज्वाळा वरच्या अंगाला झुकतात, पुढचं गवत पेटायच्या आधीच भाजून निघतं आणि आग अक्षरशः चढ पळत जाते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या अभ्यासातून निघालेला ठोकताळा आहे. नागझिऱ्याच्या मजुराने तो ठोकताळा वाचलेला नसतो. पण आग खाली असेल तर आपण वर उभं राहायचं नाही, आणि पळायची वेळ आलीच तर जळून गेलेल्या काळ्या जमिनीकडे पळायचं, एवढं त्याला बापाने शिकवलेलं असतं. काळ्यावर आग परत येत नाही. तिला खायला तिथे काही उरलेलं नसतं.

आग लावतं कोण?

अमेरिकेत किंवा कॅनडात वीज पडूनही वणवे लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात जंगल पेटतं ते जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून. कुणी विडीचं थोटूक टाकतं. कुणी पावसाआधी गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून माळ पेटवतं. शिकारी जनावर हाकण्यासाठी आग लावतात. पण विदर्भाच्या जंगलात दोन कारणं या सगळ्यांवर मात करतात, मोहफुलं आणि तेंदूपत्ता. आणि इथेच ही गोष्ट अवघड होते.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. त्याची मांसल, फिकट पिवळी फुलं पहाटे टपटप गळतात. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन बायका-पोरं झाडाखाली हजर. ऊन चढायच्या आत वेचून घ्यायची, अंगणात वाळवायची आणि विकायची, नाहीतर पोत्यात भरून ठेवायची. ज्या घरात उन्हाळ्यात दुसरी मिळकत नाही, तिथे मोह म्हणजे मीठ-मिरची, लुगडं आणि पोरांची वह्या-पुस्तकं. दारू लोकांच्या लगेच डोळ्यांवर येते, पण मोहाच्या भाकरीवर टंचाईचे दिवस काढलेली म्हातारी माणसं अजून या भागात भेटतील.

आता अडचण अशी की वाळक्या पाचोळ्यात ही फुलं दिसत नाहीत. पानांखाली जातात, घरंगळतात. तेव्हा आदल्या दिवशी झाडाखालचा पाला गोळा करून पेटवून द्यायचा. जमीन कशी स्वच्छ काळी होते, तिच्यावर पिवळं फूल लांबून उठून दिसतं. पेटवणाऱ्याला जंगल जाळायचं नसतंच. त्याला फक्त एका झाडाखालचा केर काढायचा असतो. तो आग विझल्यासारखी दिसली की घरी जातो. राखेत एखादं लाकूड धुमसत राहतं, दहा-अकराला वारा सुटतो आणि दुपारी डोंगरावर धुराची रेघ दिसते.

तेंदूपत्त्याचंही तसंच. पालवी एकसारखी, कोवळी आणि भरपूर यावी म्हणून झुडपांखालून आग फिरवायची जुनी चाल आहे. मग एप्रिल अखेरीपासून मेमध्ये तोडणी. सत्तर पानांचा एक पुडा. सकाळी तोडायचे, दुपारी सारं घर बसून पुडे बांधणार, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. दोन-अडीच आठवड्यांच्या या कामावर पावसाळ्याचं बियाणं उभं राहतं.

म्हणजे पाहा. फायर वॉचरची बायको पहाटे मोह वेचायला जाते. त्याची वहिनी, मामा, शेजारी, सगळेच जातात. त्यांच्यातल्याच कुणीतरी टाकलेली काडी दुपारी याला विझवायची असते. रेंज ऑफिसमध्ये साहेब विचारतात, आग कुणी लावली? भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात असंही आहे की ज्यांना जंगलातून काही घ्यायचा हक्क आहे त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. कायद्याला काय, लिहून मोकळा! पण ज्याला रात्री त्याच गावात जाऊन जेवायचं आहे, त्याने नाव सांगायचं की नाही? नाव सांगितलं तर गावात पाणी बंद, नाही सांगितलं तर पुढच्या फेब्रुवारीत हजेरीपटावर नाव येईल याची खात्री नाही. शहरात बसून ‘आदिवासीच जंगल जाळतात’ असं म्हणून टाकणं सोपं असतं. विझवणारेही तेच असतात, एवढं मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

यावर तोड नाही असं नाही. मोहाच्या झाडाखाली पाला झाडून बाजूला सारला किंवा जाळी अंथरली की काडी लावायची गरज उरत नाही. जाळीवर पडलेलं फूल मातीत मळत नाही, त्यामुळे भावही बरा मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची ग्रामसभा तर याहून पुढे गेली. वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यानंतर गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. हातचा पैसा सोडून दिला, कारण त्यापायी फांद्या तुटतात आणि आगी लागतात. बांबूच्या उत्पन्नावर गावाने आपलं भागवलं. प्रत्येक गावाला हे जमेलच असं नाही. बांबू सगळीकडे नसतो. पण जंगल आपलं आहे असं कागदावर लिहून मिळाल्यावर काडी ओढणारा हात थबकतो, हे तिथे दिसून आलं.

आगीला उपाशी मारायचं

फायर वॉचरचं काम फेब्रुवारीत सुरू होतं असं वर म्हटलं, पण जंगलाची तयारी त्याआधीच सुरू झालेली असते. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की जाळरेषा काढायच्या. जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला मोकळा पट्टा, कुठे तीन-चार मीटर रुंद, कुठे दहा-बारा. पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि मग संध्याकाळी दव पडू लागल्यावर, वारा पडलेला पाहून, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून ते जाळून टाकायचं. १५ फेब्रुवारीच्या आत हे सगळं आटोपायला हवं. नंतर जाळायला गेलं तर रेषेचाच वणवा होतो!

आगीला आगीनेच अडवायची ही युक्ती जुनी आहे. मध्य भारतात इंग्रजांच्या वनखात्याने १८६०च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सनच्या देखरेखीखाली आगीपासून बचावाची पहिली यशस्वी मोहीम चालवली. साहेबाला साग हवा होता, जहाजांना आणि रेल्वेला. गोंड-कोरकूंची आग हा त्याच्या लेखी निव्वळ अडाणीपणा. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की सगळीच आग वाईट नसते. थंडीत, दव असताना लावलेली बारीक आग पाचोळा कमी करते आणि एप्रिलमधल्या राक्षसी आगीला खाद्य ठेवत नाही. तरीही दरवर्षी त्याच त्याच जागी आग फिरली तर सागाची-ऐनाची रोपं मोठी होऊच शकत नाहीत. उभं जंगल दिसतं, पण त्यात लेकरं नसतात. म्हाताऱ्यांचंच गाव झालं म्हणा ना!

प्रत्यक्ष आग लागल्यावर काय करतात? आग लहान असेल तर हिरव्या पाल्याची डहाळी तोडून घ्यायची आणि ज्वाळेच्या बुडाशी आतल्या अंगाला झोडपत जायचं. बाहेर झोडपलं तर ठिणग्या नव्या पाल्यात पडतात. अलीकडच्या काळात ब्लोअर आले. मूळ यंत्र बागेतला पाला उडवायचं. आपल्याकडे ते वणव्यावर चालवलं. नळीतून निघणारा वारा पेटलेला पाला जळलेल्या बाजूला ढकलतो आणि पुढे सरकत जाईल तशी कोरी जमीन उघडी करत जातो. चार डहाळ्यांचं काम एक ब्लोअर करतो. पण वजन दहा किलोंच्या आसपास, पाठीला पेट्रोलची टाकी, कानाशी इंजिनाची घरघर आणि समोर आग. अर्ध्या तासाने माणूस बदलावाच लागतो.

आग मोठी असली तर तिच्यासमोर जायचंच नाही. तिच्या पुढे दोन-तीनशे मीटरवर एखादा नाला, पाऊलवाट किंवा जाळरेषा गाठायची आणि तिथून आगीच्या दिशेने दुसरी आग सोडायची. दोन्ही आगी एकमेकींना भिडतात आणि मधलं सारं संपल्यावर मरतात. याला ‘काउंटर फायर’ म्हणतात, खेड्यातला माणूसही हाच शब्द वापरतो. यात चूक झाली तर एकाच्या दोन आगी होतात, म्हणून ही काडी लावायचा मान टोळीतल्या सर्वात अनुभवी माणसाला.

आणि ज्वाळा गेल्या म्हणजे आग विझली असं नाही. वाळलेलं उभं खोड आतून दोन-दोन दिवस जळत राहतं, मग मोडून जाळरेषेपलीकडे पडतं. शेणाच्या गोवऱ्या, बांबूचे ठोंब धुमसत राहतात. म्हणून रात्री पहारा. कंदिलाएवढा उजेड लांबवर दिसला की उठून जायचं, माती टाकायची, परत यायचं. नागझिऱ्यात निखारेच उलटले होते हे आठवलं की या रात्रीच्या फेऱ्यांचं मोल समजतं.

या रात्रींची सोबतही साधी नसते. मोहाची फुलं अस्वलालाही तितकीच प्रिय. काळोखात झाडाखाली वाकलेलं अस्वल काळ्या दगडासारखं दिसतं आणि ते आधी पळत नाही, आधी अंगावर येतं. वाघापेक्षा अस्वलाला माणसं जास्त भितात ती उगाच नाही. दिवसा मात्र गंमत पाहायला मिळते. वणव्याच्या कडेला कोतवाल पाखरं जमतात. आगीपुढे पळणारे टोळ-किडे हवेत झेलून खायचा त्यांचा उत्सवच असतो. कोतवालाचं पोट भरतं, पण जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवीची आणि रातव्याची अंडी त्याच आगीत भाजून निघतात. कासव, घोरपडीची पिल्लं, अजगर, यांना पळता कुठे येतं? हरणं-वाघ निघून जातात. बातमी वाघाची होते.

वरून दिसतं, पण...

आता कुणी म्हणेल, उपग्रहाच्या जमान्यात डहाळीने काय झोडपत बसलात? उपग्रह आहेत आणि ते कामाचेही आहेत. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची माहिती राज्यांना कळवते. २०१७पासून तर पावणेचारशे मीटरपर्यंत नेमकी जागा दाखवणारी यंत्रणा वापरात आली. वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो, अक्षांश-रेखांशासकट.

मेख अशी की उपग्रह जंगलावर टांगलेला नसतो, तो फेरी मारून जातो. यातल्या महत्त्वाच्या उपग्रहाची फेरी दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला. दुपारी तीनला पेटलेली काडी त्याला दिसायची ती मध्यरात्रीनंतर. त्यात संदेश यायला वेळ, जंगलात मोबाइलला रेंज नाही. तोवर मचाणावर बसलेल्या माणसाच्या नाकाने काम केलेलं असतं.

मार्च २०२२च्या अखेरीस जयपूरपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात मोठा वणवा लागला तेव्हा हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरं आली. सिलीसेढच्या तलावातून मोठाल्या बादल्यांनी पाणी उचलून डोंगरावर ओतलं गेलं. दूरदर्शनच्या पडद्यावर ते दृश्य फार देखणं दिसलं, आणि त्याचा उपयोगही झाला. पण खाली दोनशेच्यावर माणसं फांद्या घेऊन डोंगर चढत होतीच. हेलिकॉप्टर आगीचा जोर मोडतं. कडेकडेने फिरून शेवटचा निखारा मातीखाली दाबायला माणूसच लागतो. त्या माणसांकडे मात्र कॅमेरा वळला नाही.

अमेरिकेतही ही नोकरी हंगामीच. तिथल्या दूरदूरच्या वन्यजीव आश्रयस्थानांवर उन्हाळ्यापुरती पोरं भरती होतात, कॉलेजात शिकणारी पुष्कळ. पण कामावर पाठवण्याआधी प्रशिक्षण, अंगात न पेटणाऱ्या कापडाचा पिवळा सदरा, डोक्यावर हेल्मेट, आणि कमरेला गुंडाळी केलेला चंदेरी तंबू. आग अंगावर आलीच तर जमिनीवर पालथं पडून तो अंगावर ओढून घ्यायचा. १९७७पासून तिथल्या वनखात्याने तो सक्तीचा केला. तो कवचकुंडलं नव्हे. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल हिलच्या वणव्यात वारा फिरला आणि एकाच तुकडीतले १९ जवान तंबू अंगावर घेतलेले असताना गेले. इतकं सगळं असूनही! मग गमछा बांधून जाणाऱ्याचं काय, हा प्रश्न पडायला हवा.

१२१ दिवसांचं गणित

१५ फेब्रुवारी ते १५ जून, दोन्ही दिवस धरले तर १२१ दिवस होतात. लीप वर्ष असेल तर १२२. हा आकडा लक्षात ठेवा, कारण याच्याशेजारी दुसरा एक आकडा आहे, २४०.

आपल्या कामगार कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलं की ती सलग सेवा धरली जाते. पुणे परिसरातल्या वनीकरण योजनेवर वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांनी याच आधारावर वनखात्याविरुद्ध दाद मागितली होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वनखातं म्हणजे उद्योग नव्हेच, हा सरकारचा युक्तिवाद त्या योजनेपुरता न्यायालयाने अमान्य केला आणि डिसेंबर १९९५मध्ये मजूर जिंकले. पाठोपाठ जानेवारी १९९६मध्ये राज्य सरकारने वनमजुरांना कायम करण्याचा निर्णय काढला. अट होती ओळीने पाच वर्षं, दर वर्षी २४० दिवस काम. हजारो घरांना त्याने आधार मिळाला. आज निवृत्त झालेले कितीतरी वनमजूर त्या निर्णयामुळे पेन्शन घेऊन नातवंडं खेळवत आहेत.

पण फायर वॉचरची गाडी १२१वरच थांबते. जाळरेषांची कापणी मिळाली, पावसाळ्यात रोपवनात खड्डे-लावणी मिळाली, तरी २४०ला पोचणं कठीण. तो दहा वर्षं आग विझवो की वीस, दर फेब्रुवारीत नवाच. त्याला कुठली वाट चढाची आहे, कुठल्या नाल्यात वारा उलटा फिरतो, कुठलं खोड आतून पोकळ आहे हे पाठ असतं. खात्याला हे ज्ञान हवं असतं. फक्त ते चार महिन्यांपुरतं हवं असतं! आगीचा हंगाम चारच महिन्यांचा, मग बारा महिने पगार कुठून द्यायचा, हा खात्याचा प्रश्नही खोटा नाही. पण विमा, बूट, जाड सुती कपडे, हेल्मेट आणि दरवर्षी दोन दिवसांचं प्रशिक्षण यांना २४० दिवसांची अट घालायचं काही कारण दिसत नाही. चार महिने काम करणारा माणूस भाजतो तो पूर्णच भाजतो.

घरच्यांचा उन्हाळाही या नोकरीबरोबर जातो. लग्नसराई नेमकी याच दिवसांत. भाचीच्या लग्नात मामा नसतो, कारण मामा संरक्षण कुटीवर आहे. आठवड्याचा शिधा एकदम न्यायचा. तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, तंबाखूची पुडी. घरची बाई संध्याकाळी जंगलाच्या दिशेने पाहते. डोंगरावर लाल माळ दिसली तर तिला दूरूनच कळतं, आज हे येणार नाहीत. सकाळी मोहाला जाताना तिच्या हातात झाडू असावा की काडेपेटी, हे तिलाच ठरवायचं असतं. नागझिऱ्यानंतर पुष्कळ ठिकाणी वनखात्याने गावागावांत सभा घेतल्या, भिंती रंगवल्या, आग न लागू देणाऱ्या गावांना बक्षिसं ठेवली. भिंती रंगवून किती फरक पडतो कोण जाणे. बायकांच्या बचतगटाशी बोलणं जास्त उपयोगाचं ठरेल, कारण झाडाखाली पहाटे त्याच असतात.

मेच्या शेवटाला ढग दिसू लागतात. वळवाचा एक चांगला झोडा बसला की निम्मं काम हलकं होतं. ओला पाला पेटत नाही. मग जूनच्या मध्यावर ब्लोअर साफ करून, टाकीतलं पेट्रोल काढून रेंज ऑफिसात जमा करायचे, वॉकी-टॉकी परत द्यायची, हजेरीपटावर शेवटचा अंगठा किंवा सही. बाकी राहिलेली मजुरी कधी खात्यात जमा होईल ते विचारायचं. गोंदिया-भंडाऱ्यात तोवर धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू झालेली असते. गावी पोचला की दुसऱ्याच दिवशी तो बैल जुंपून चिखलात उतरतो. पायांच्या पोटऱ्यांवर भाजल्याचे जुने डाग असतात, चिखलाखाली ते झाकले जातात.